शेवंतीचा कोपरा

सोलापूर, १ फेब्रुवारी १९७६
मंगळवेढ्याच्या एसटीनं हाडं खिळखिळी करून मला लेकाच्या दारात उतरवलं. तीन वर्षांनी आले. भीमाशंकरची बदली नांदेडला झालीय, घर विकायचंय. येत्या रविवारी गिऱ्हाईक येणार. तोवर अंगण नटवायचं. नाती वैरागला आजोळी पाठवल्यात. रोजनिशी माझी, हात सुनेचा. मला अक्षरं ज्वारीच्या दाण्यांसारखी. निवडायला सांगा, वाचायला नको. मी 'हाय' म्हणते, गौरम्मा 'आहे' लिहिते. मॅट्रिक झालेली सून की ती!

२ फेब्रुवारी
निंगप्पा माळ्यानं फाटकापासून पायरीपर्यंत तिरक्या विटा रोवून गेरू लावला. म्हटलं, घर बोहल्यावर चढायला निघालंय, फक्त मुंडावळ्या राहिल्या. लिंबाखालच्या कोपऱ्यात शेवंती लावू म्हणाला. मी नको म्हटलं. दुष्काळात गौरम्माचं तिसरं बाळ मेलेलंच जन्मलं. ती ग्लानीत होती. मीच ते तिथं पुरलं. घर विकेपर्यंत तिथं कुदळ पडू नये, एवढ्यासाठी तर मी आले. गौरम्मानं हे मान खाली घालून लिहिलं.

४ फेब्रुवारी
कोपरा काल मी स्वतः शेणानं सारवला. सकाळी त्यावर पावलं. लहान, अनवाणी. निंगप्पाला झापलं, कुणाची पोरं आत घेतोस म्हणून. तो म्हणाला, आजी, फाटकातनं एकही पाऊल आत आलेलं नाही. कोपऱ्यातनंच निघून पायरीकडं गेलीत. गौरम्मानं वीत लावून पाहिली. मला म्हणाली, अत्ती, तिला आता चौथं लागलं असतं. मी चहा मागितला.

६ फेब्रुवारी
पुन्हा सारवलं. पुन्हा पावलं — आता थेट माझ्या बाजेपर्यंत. बाजेशी ओल्या मातीचा ठसा. डावा तळवा, उघडा.
आमच्या लिंगायतांत मूल जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात. माणूस गेलं की तेच डाव्या तळव्यावर ठेवून पुरतात. तिच्या तळव्यावर मी काहीच —
मेलेलं जन्मलं, बांधायचं कुणाला, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

८ फेब्रुवारी, सकाळ
गिऱ्हाईक येऊन गेलं. अंगण पसंत. जाताना गिऱ्हाइकाच्या बाईंनी विचारलं, कोपऱ्यात खेळणारी मुलगी तुमचीच ना?
गौरम्मा तिकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघू शकले नाही.

८ फेब्रुवारी, दुपार
लिही. तोंडावर सांगायची लाज वाटते, म्हणून लिहूनच घे. तिच्यासाठी आणलेलं लिंग माझ्या कनवटीला हाय. व्हय, 'हाय'च लिही. बांधलं असतं तर ती आपली झाली असती. तिसरी पोर, त्यात घोटभर पाणी न्हाय — बांधायला आलेल्या स्वामींना मी दारातनंच —
पायरीवर उभी हाय. डावा हात पुढं.
गौरम्मा, माज्याकडं बघू नगंस. कागदाकडं बघ. मेलेली नव्हती गं. मी माती लोटत हुते तवा ती रड—