पाण्याजवळची जागा

कलकत्ता, १० ऑगस्ट १९५३

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार. हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

इथल्या ढाकुरिया भागातला प्लॉट कागदपत्रांमुळे फिसकटला, असं मी कळवलं होतं. कागद चोख होते. "जागा घेताना आधी पाणी बघ," असं तुम्ही बजावलं होतं. नगरच्या दुष्काळात घागरभर पाण्यासाठी कोसभर चाललेली माणसं आपण. माघात मी गेलो, तर प्लॉटला लागूनच भरलेलं तळं. मी हरखलो. इसार द्यायच्या आदल्या दिवशी तिथे मासे धरणाऱ्या म्हातारीला ऐटीत म्हणालो, "इथेच घर बांधणार." तिने नारळाच्या बुंध्यावरची खूण दाखवली. "बाबू, पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं." खूण माझ्या छातीशी होती. मी इसार दिला नाही.

काल तुमच्या भाचेसुनेला घेऊन मुद्दाम पाहून आलो. प्लॉटवरून होडी चालली होती. ती हसत सुटली. घरी येऊन भाड्याच्या खोलीतल्या कोरड्या फरशीवर आम्ही पाय पसरून चहा प्यालो.

मामा, तुमचा सल्ला खोटा नव्हता. आपल्याकडे विचारतात, पाणी किती खोल लागतं. इथे विचारायचं, किती वर येतं.

तुमचा भाचा,
श्यामसुंदर