पट्टीवरून की पट्टीखालून

प्रिय ठमे,

अक्षर बघून दचकू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. ओळी घसरगुंडीवरून घरंगळल्यासारख्या दिसतील, पण डोकं ठिकाणावर आहे. दोन महिने झाले, तू फोन उचलत नाहीस; उचललास तर 'कामात आहे' म्हणून ठेवतेस. म्हणून म्हटलं, लिहावं. पत्र मध्येच तोडता येत नाही.

आधी तब्येतीचं. उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत, अंगठा मात्र चालतो. वेणी तुझे बाबा घालून देतात. पहिल्या दिवशीची वेणी बघून आपली मराठी शेजारीण म्हणाली, "वहिनी, हा दोरखंड कुठून आणलात?" बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आता बरी जमते त्यांना.

आणि मी इंग्रजीच्या वर्गाला जाते, या देशात आल्यापासून पहिल्यांदाच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, मंगळवार-गुरुवार दुपारी. शिकवणारे गृहस्थ निवृत्त बसचालक आहेत, आम्ही सगळ्या त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतो. त्यांनी व्याकरणाचं पुस्तक आणलंच नाही. अर्धं बोलून, अर्धं हातवारे करून त्यांनी समजावलं, की ही भाषा बोलणारी माणसं दिवसभर दोन-दोन, तीन-तीन शब्दांच्या जुड्या वापरत असतात, त्या पकडा, बाकीचं मागून येईल. 'ॲट द डोअर', 'इन अ मिनिट', 'ऑन द फोन'. ठमे, आपण आधी दार म्हणतो आणि मग त्याला 'पाशी' चिकटवतो. यांचं सगळं उलटं. आधी 'पाशी' म्हणून मोकळे होतात, आणि मग कशापाशी ते सांगतात! माणूस दिसायच्या आधी त्याची सावली यावी तसं. आणि बसला 'ऑन' पण मोटारीला 'इन' का, यावर मी त्यांच्याशी भांडले. दोन्हींत माणूस बसतोच ना? तर म्हणाले, जिच्यात उभं राहून चालता येतं ती 'ऑन', जिच्यात गुडघे मुडपून शिरावं लागतं ती 'इन'. तीस वर्षं बस चालवलीय, मला विचारा. मग सकाळी 'इन', रात्री 'ॲट' आणि सोमवारी 'ऑन' का? त्यावर ते म्हणाले, हे नुसतं पाठ करा. घरी येताना मनात आलं, आपण सासऱ्यांना अहो म्हणतो आणि देवाला अरे, त्याला तरी कुठे कारण आहे? भांडण सोडून दिलं आणि पाठ करायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात 'ओव्हर' आणि 'अंडर' आले. ड्रायव्हरसाहेबांनी दोन खुर्च्यांवर छत्री आडवी ठेवली. तिच्या वरून हात पलीकडे नेला, 'ओव्हर द अम्ब्रेला'. खालून नेला, 'अंडर'. एकेकीकडून करवून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी झोळीतल्या हाताकडे बघत बसून राहिले. 'ओव्हर' मी आधी ऐकला होता. इस्पितळात, कारखान्याच्या मुकादमाने अपघाताचा इंग्रजी कागद वाचून दाखवला तेव्हा. तू माझ्या उशाशी होतीस.

त्या दिवशी काय झालं ते पुन्हा लिहिते, कारण माझ्या तोंडून तू ते एकदाही शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीस. धुलाई कारखान्यात मी आणि माझी जोडीदारीण ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती गरम रोलरमध्ये सोडतो. रोलरच्या पुढे एक आडवी लोखंडी पट्टी असते. हाताने ती जरा जरी उचलली गेली, तरी मशीन जागच्या जागी थांबायला पाहिजे. तीन आठवडे ती पट्टी नुसती शोभेला होती. मी मुकादमाला दोनदा सांगितलं, तो दोन्ही वेळा 'बघतो' म्हणाला. त्या दिवशी चादरीच्या काठाच्या उसवलेल्या शिवणीत माझी बोटं अडकली. चादर ओढली गेली आणि तिच्याबरोबर माझा हात पट्टीखालून आत. पट्टी उचलली गेली, मशीन चालूच. जोडीदारणीने धावत जाऊन भिंतीवरचं लाल बटण दाबलं म्हणून मनगट वाचलं.

वर्गातून आल्या आल्या मी तो कागद काढला. 'रीच्ड ओव्हर द गार्ड.' पट्टीवरून हात घातला. म्हणजे मीच आगाऊपणा केला आणि मशीन बिचारं साधुसंत. प्रत्येक शब्दाखाली बोट धरून पाच वेळा वाचलं. तू मला काय सांगितलं होतंस? "हात पट्टीपाशी गेला असं लिहिलंय, आई. कर सही." मी केली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन कागद मुकादमाच्या पुढ्यात ठेवला. तो हसला. म्हणाला, "ओव्हर काय नि अंडर काय, हात तर गेलाच ना?" मी म्हटलं, पुलावरून जाणं आणि पुलाखालून जाणं तुम्हाला सारखंच असेल, तर उद्या नदीतून या कामाला. हे इंग्रजीत सांगायला मला पाच मिनिटं लागली. पण सांगितलं, आणि त्याचं हसू गेलं. बाबा घरी म्हणाले, "कशाला त्यांच्या नादी लागतेस? पोरगी त्याच कंपनीच्या वरच्या मजल्यावर, ऑफिसात बसते." मी ऐकलं आणि कारखान्यांच्या सरकारी तपासणी कचेरीत अर्ज टाकून आले.

गेल्या सोमवारी तपासनीस बाई आल्या. दुभाषी हवा का, विचारलं. मी नको म्हटलं. सगळ्यांसमोर उभी राहिले आणि बोलले. 'माय हँड वॉज ऑन द शीट. इट वेन्ट विथ द शीट, अंडर द गार्ड. द मशीन डिड नॉट स्टॉप.' एवढंच. जोडीदारणीने साक्ष दिली. बाईंनी चार मशीनांच्या चारही पट्ट्या झाडूचा एकेक दांडा घालून उचलून पाहिल्या. एकच मशीन थांबलं. उरलेल्या तिन्हींत घातलेले दांडे रोलरने चिरडले. मुकादम खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी तिन्ही मशीनं तिथल्या तिथे बंद करवली, माझ्या कागदावरचा 'ओव्हर' खोडून 'अंडर' लिहिलं, शेजारी स्वतःची सही केली आणि मला पेन दिलं. माझी सही व्हायला वेळ लागला. त्या थांबल्या.

मग त्यांनी विचारलं, पहिला कागद तुम्हाला कोणी समजावून सांगितला होता? मी पेन त्यांच्या हातात परत दिलं. तुला नोकरीत कायम करण्याचा कागद, मी सही केली त्याच आठवड्यात, तुझ्या साहेबांच्या टेबलावर होता, हे मला बाबांनी परवा सांगितलं. तू घाबरलीस, कळतं मला. पण मी नाव घेतलं नाही, याला माफी समजू नकोस. ते तू स्वतः जाऊन सांगावंस म्हणून ठेवलंय. तुझी नोकरी गेली तर घर आहे, माझा एक हात धड आहे, बाबांचे दोन आहेत. तिघं उपाशी मरणार नाही. पट्ट्या दुरुस्त झाल्या की माझ्या जागी एक नवी मुलगी उभी राहणार आहे. तुझ्याच वयाची. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. उद्या तिच्यापुढे असाच कागद आला, तर वरच्या मजल्यावरून तुलाच बोलावतील वाचून दाखवायला. तेव्हा तू काय वाचणार आहेस, हे मला आत्ता कळायला हवं. तपासनीस बाई बुधवारी दहा वाजता कचेरीत असतात. मी सोबत येणार नाही.

तुझीच, आणि अजून तितकीच हट्टी,
आई