बिनपगारी बाईची माय

माय,

आज पगार झाला. पूर्ण नाही, सरकार आमच्या शाळेला टप्प्याटप्प्यानं अनुदान देऊन राहिलं आहे, पण मोबाईल वाजला आणि मी फळ्याकडे तोंड करून वर्गातच मेसेज वाचला. मागून एक पोट्टा म्हणतो, "बाई, पैसे आले का?" सगळा वर्ग हसला. आता यांच्यापासून काय लपवायचं! तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, आणि पगार सुरू झाला हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

गावात आठवी ते दहावी सुरू झाली ती सरकार एक पैसा देणार नाही या अटीवर. त्याआधी पोरी सातवी झाल्या की घरी बसायच्या, कारण पुढची शाळा अर्जुनीला, आणि तिकडची एसटी आली तर आली. मी बीएड करून आलेली, मला वाटलं, दोन-तीन वर्षं फुकट शिकवू, मग येईल अनुदान. येते म्हणे! मी गणित शिकवायची, तू लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायचीस, आणि तुझ्या मजुरीचा भात माझ्या डब्यात असायचा. गावानं मला नाव ठेवलं, बिनपगारी बाई. शेवटी एकदा मी गोंदियाला जाऊन साडीच्या दुकानात काम पक्कं करून आले. शेठ म्हणाला, "कल से आ जाओ, मॅडम." तुला सांगितलं तर तू चुलीसमोरून उठलीसही नाहीस. "जाय ना. कोन धरून राहिलं तुले? पन त्या पोरींले आधी सांगून ये, का आता तुमाले गनित कोनी शिकवनार नाही." मी रागानं उपाशी झोपले आणि सकाळी मुकाट्यानं शाळेत गेले. तेव्हा तुझा इतका संताप यायचा, माय!

आणि तो तपासणीचा दिवस. तलावाचं पाणी सुटलं की रोवणीच्या घाईत आपल्याकडे घरात कोणी राहत नाही, पोरंसुद्धा नाहीत. मुख्याध्यापक दरवर्षी त्या दिवसांत तोंडी सुट्टी देऊन टाकायचे. शेतकऱ्यांचीच पोरं, दुसरं काय करणार? त्या वर्षी नेमके तेव्हाच शिक्षण खात्याचे साहेब येतात, न सांगता. शाळा पात्र ठरली तर अनुदानाच्या रांगेत, नाही तर मान्यता रद्द. वर्गात मी, खडू आणि रिकामे बाक. साहेब दारात उभे राहून विचारतात, "विद्यार्थी कुठं आहेत?" मुख्याध्यापक नुसते हजेरीपट चाळतात. मी म्हणते, "येतील सर," आणि रिकाम्या बाकांसमोर फळ्यावर तारीख लिहायला लागते.

तू बांधीतून शाळेकडे वळणारी जीप पाहिली होतीस. तू बायांना काय म्हणालीस ते मला नंतर कळलं. "धान उद्याही लागते. शाळा गेली तं गेली." रोवायला घेतलेल्या पऱ्ह्यांच्या पेंड्या तिथंच टाकून तू या बांधीतून त्या बांधीत जात पोरं गोळा केलीस आणि सगळी वरात शाळेत आणलीस. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पावसाची पन्नी, आणि सगळ्यांच्या मागं लुगडं खोचलेली तू. पोरं आपापल्या बाकावर बसली, फरशीचा रेंदा झाला. साहेब म्हणाले, "ही काय शाळेत यायची पद्धत आहे?" मला वाटलं, संपलं. तू दारातूनच बोललीस, "पाय धुवाले थांबले असते, तं तुमी निंगून गेले असते जी. आता इचारा काय इचाराचं तं. कपड्यावर जाऊ नोका."

त्यांनी विचारलं. भूमितीचं प्रमेय सिद्ध करायला लावलं. एक मुलगी हात परकराला पुसत फळ्याशी गेली, मधेच अडली, तर दुसरीनं बसल्या जागेवरून पुढची पायरी सांगितली. साहेबांनी तिला दटावलं नाही. जाताना मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी रोवणीची सुट्टी रीतसर जाहीर करा, बुवा." आम्ही पात्र ठरलो.

पात्र ठरलो, पण पैसा कुठं होता? नागपूरला अधिवेशनाबाहेर धरणं दिलं, निवेदनं दिली, आश्वासनं ऐकली. तू एकदा विचारलं होतंस, "सरकारले शाळा पाह्यजे, मास्तर पाह्यजे. मंग मास्तरच्या पोटाचं काऊन नाही पाहात?" मधेच तू गेलीस. पुढे पहिला पगार झाला त्या दिवशी मी शाळेमागं जाऊन हमसून हमसून रडले.

पण आता शाळा पाहशील तर "अग्गं बाप्पा!" म्हणशील. सरकारी निधीतून नव्या खोल्या झाल्या, प्रयोगशाळेत नळ आला, पोरींसाठी वेगळा संडास झाला. दहावीच्या आत पोरगी घरी बसवली असं आपल्या गावात आता ऐकू येत नाही. उरलेलं अनुदानही मिळेल, बघशील तू. वाट पाहण्यात आपला हात कोण धरणार?

यंदा विज्ञानाला नवी बाई आली, सौंदडकडची, सरकारी भरतीतून. पहिल्याच महिन्याचं मानधन तिच्या खात्यात आज जमा झालं आणि तिनं आम्हाला पेढे वाटले. मी म्हटलं, "छान झालं गं," आणि मनापासून म्हटलं. याच्यासाठीच तर एवढं केलं आपण. हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, म्हणून पुढचंही लिहूनच टाकते. पेढा तोंडात होता, आणि हिच्या पगारावर हिची माय आता घरी बसून खाईल, या विचारानं मी अशी जळले, माय, की तो पेढा मला गिळवेना.