रपट्यावरचं पाणी

वणी,
२४ सप्टेंबर १९६०

ती. बाबांस विमलचे शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. कपाशीची पऱ्हाटी फुटायला लागली आहे आणि सासूबाईंची दिवाळीची चौकशीही सुरू झाली आहे. तुझा मुराळी केव्हा येणार, असं रोज विचारतात. आई होती तेव्हा तुम्ही वसुबारसेच्या आधीच मला न्यायला दारात हजर, आणि चहासुद्धा उभ्या उभ्या प्यायचात. इतकी घाई कसली, असं हे अजून चिडवतात.

आई गेल्यावरची ही पहिली दिवाळी. या वेळी मुराळी आला नाही तर माहेर सरलं असं समजावं, हे सासूबाईंचं म्हणणं. मी हसून सोडून दिलं, पण ते मनातून जात नाही. मला घरी यायचं आहे, बाबा.

आई चुलीपुढून हवामान सांगायची आणि तुम्ही पत्राच्या शेवटी लिहायचात, दव पडतं आहे, शाल आण. यंदा ते तुम्हीच सांगा. लोभ आहेच, तो पत्रातून कळू द्यावा.

आपली, विमल

बोरी अरब,
३ ऑक्टोबर १९६०

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

हवामान विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो. दसऱ्यापासून दारव्ह्याकडून ढग चढत आहेत. अडाण नदी दोन्ही थड्या भरून वाहते आणि रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून कमरेइतकं पाणी आहे. एसटी पलीकडेच थांबते. ग्रामपंचायतीचा रेडिओ म्हणतो, विदर्भात तुरळक सरी. रेडिओचं तुरळक म्हणजे आपल्या बोरीत धो धो. मुंग्यांनीही अंडी वर नेली आहेत. दिवाळीच्या आठवड्यात प्रवास करण्यासारखं दिसत नाही. पुढे संक्रांतीला पाहू.

माझी प्रकृती ठीक. शेजारची कांताबाई लोणचं देऊन गेली. जावईबापूंना नमस्कार.

तुझा, मारोतराव

वणी,
८ ऑक्टोबर १९६०

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा पूर मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. नेमके त्याच संध्याकाळी शेजारचे रहमतभाई ट्रक घेऊन दारव्ह्याहून आले. त्यांच्या बायकोने, हमीदाने, त्यांना बोरीचं पाणी विचारलं, तर म्हणाले, कायचं पाणी, रपट्यावर म्हशी बसून राह्यल्या. सासूबाई ओसरीवरच होत्या. तुया बापाची नदी फक्त पत्रातच वाहते काय, म्हणाल्या.

बाबा, मला न्यायचं नसेल तर तसं लिहा. मी राहीन. पण मुंग्यांच्या अंड्यांपर्यंत जाऊ नका. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही, आणि ते वाचताना मला फार एकटं वाटलं.

विमल

बोरी अरब,
१२ ऑक्टोबर १९६०

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

रहमतभाईंना माझा सलाम सांग. म्हशी होत्या हे खरं आहे.

तुला आणायला मी कधीही निघेन, पण आणून ठेवू कुठे? तू दारात उभी राहशील आणि भाकरतुकडा ओवाळून टाकायला घरात कोणी नाही. कांताबाईला सांगावं म्हटलं, तर ती स्वतःच माहेरी चालली. गल्लीतल्या साऱ्या सुना चालल्या. तू माहेरी विसाव्याला येणार आणि चूल तुलाच पेटवावी लागणार. मागच्या बाजारी तुझ्यासाठी बांगड्या पाहिल्या. कासाराने माप विचारलं. ते तुझ्या आईला ठाऊक होतं. तसाच परत आलो, आणि नदीला पूर आणला.

असो. धनत्रयोदशीला सकाळच्या गाडीने निघतो. भाकरतुकडा मीच ओवाळीन, हसायचं नाही. आकाश स्वच्छ आहे. पहाटे दव पडतं, शाल आण.

तुझा, मारोतराव

बोरी अरब,
धनत्रयोदशी, संध्याकाळ

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून सासूबाई हसतील. हसू दे. पण आज खरंच पाणी आहे. कालपासून पाऊस उघडला नाही आणि रपटा दिसेनासा झाला.

पिशवी आणि तुझ्या आईची छत्री घेऊन सकाळपासून काठावर उभा होतो. गाडी आलीच नाही. दुपारी पलीकडे एक ट्रक थांबला. एक बाई उतरून थेट पाण्याच्या कडेला आली. डोक्यावर पदराशिवाय काही नाही. कोणाची तरी लेक असेल, दिवाळीला निघालेली. पाण्यात पाय घालते की काय, अशी मला धास्ती वाटली. ओरडलो, पण आवाज पोचेना. मग दोन्ही हातांनी मागे जा, मागे जा अशा खुणा केल्या. शहाणी होती, ऐकलं तिने. ट्रक वळून गेला तसा मीही घरी आलो. पणती लावली आहे.

तू मात्र माझ्यावर विश्वास ठेव.

तुझा, मारोतराव

वणी,
२५ ऑक्टोबर १९६०

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सासूबाईंनी वाचून घेतलं आणि पुन्हा तुमच्या नदीचं नाव काढलं. मी म्हटलं, पाणी खरं आहे, मी पाहून आले.

दोन दिवस इकडेही पाऊस होता. तुमची गाडी निघणार नाही हे आभाळ पाहूनच कळलं. रहमतभाई कापूस घेऊन दारव्ह्याला निघालेच होते, हमीदाही सोबत होती. ह्यांनी जा म्हटलं. मुराळ्याशिवाय माहेरी निघालेली मी आमच्या गल्लीतली पहिलीच.

आईच्या छत्रीचं पांढरं ठिगळ मी लांबूनच ओळखलं. तुम्ही दोन्ही हातांनी परत जा म्हणालात. मला वाटलं, ओळखून म्हणताहेत. पाणी उतरेपर्यंत थांबू, असं हमीदा म्हणत होती. ट्रक मीच वळवायला लावला. दिवाळीभर मनात एकच होतं, बाबांनी मला काठावरून परत पाठवलं.

आता पाणी उतरलं असेल. ह्या रविवारी येते, तुम्ही निघू नका. पत्रात दोरा ठेवला आहे, ते बांगडीचं माप. भाकरतुकडा शिळा चालेल. आणि बाबा, डोळे दाखवून घ्या. कोणाची तरी लेक असेल, असं लिहिलंत.

तुमचीच,
विमल