अडतीस म्हणजे पास

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून वही. सूनबाईने शाळेतून आणली, मागची चार पानं कुणीतरी फाडलेली. ती चौथीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे घरात वह्यांना आणि उपदेशाला तोटा नाही. म्हणाली, आई, यात रोज बीपी लिहा. नुसतं बीपी किती लिहिणार? दोन आकड्यांत पान संपतं. वही माझी, मला हवं ते लिहीन. कोणी वाचायची नाही.

भानगड अशी की कोपऱ्यावरच्या डॉक्टरने माझं बीपी १७० वर १०० काढलं, रक्त तपासायला लावलं आणि किडनीवाल्याकडे जा म्हणून चिठ्ठी दिली. बीपी मला नाही. त्याच्या दवाखान्याला एकोणीस पायऱ्या आहेत, ते बीपी पायऱ्यांचं.

मुलाने बीपीचं मशीन आणलं. खोक्यातून काढून बघितलं, परत खोक्यात ठेवलं. बाहेर राहिलं की धूळ बसते.

४ सप्टेंबर, गुरुवार

किडनीवाला फक्त गुरुवारी बसतो. बाकीचे सहा दिवस किडन्यांनी आपलं आपण बघावं. टोकन ४१. सव्वाआठला गेलो, पावणेएकला नंबर लागला. तोवर चिठ्ठी दाखवायची एक खिडकी, शिक्का मारायची दुसरी, आणि शिक्का चुकीचा पडलाय हे ऐकून घ्यायची तिसरी. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. एक जाडा उठला की अख्खी रांग हलते.

डॉक्टर पोरगेलासा. दर वाक्यात आजी. रिपोर्ट बघून म्हणाला, आजी, किडन्या अडतीस टक्केच काम करतायत. सूनबाईचा चेहरा पडला. मला कळेना का. तिच्या शाळेत पस्तीसला पास करतात, अर्धी पोरं त्यावरच पुढे सरकतात. अडतीस म्हणजे तीन मार्क वर. तेही अभ्यास न करता.

मग म्हणाला, तुम्ही तिसऱ्या स्टेजला आहात, आता चौथीत जायचं नाही. इथे मात्र माझं टाळकं फिरलं. हेच वाक्य, शब्दाला शब्द, माझ्या बापाने ऐकवलं होतं. तिसरीचा निकाल माझ्या हातात होता आणि धाकटा भाऊ माझ्या कडेवर. तेव्हाही मी बरं म्हणाले होते. आजही बरं म्हणाले. पुरुषांना चौथीचं काय वाकडं आहे कोण जाणे.

चौथीनंतर काय, मी विचारलं. म्हणाला, पाचवीत मशीन. म्हणजे रक्त बाहेर काढून धुवायचं आणि परत आत घालायचं, आठवड्यातून तीनदा. आमच्या गल्लीतली शिंपीणबाई जाते तसं. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, मशीनवर मी जाणार नाही. तो म्हणाला, मग गोळी रोज, मीठ कमी, आणि घरी बीपी मोजून या कार्डावर लिहायचं. एवढंच? एवढ्यासाठी साडेचार तास बसवलं!

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी

बीपी १२० वर ८०. मशीन लावलं नाही. आपलं अंग आपल्याला कळतं.

निश्चय. मीठ बंद. गोळी रोज. अर्धा तास चालणं. सुनेशी वाद घालायचा नाही.

दुपारी

सूनबाईने सगळ्यांचंच मीठ कमी केलं. मुलगा ताटाकडे असा बघत होता, जसं काही ताटाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आहे. वाद घालायचा नाही म्हणून मी फक्त एवढंच म्हटलं की असलं जेवण तुरुंगातही परत पाठवतात. ती म्हणाली, आई, तुमच्यासाठीच चाललंय. हा वाद नव्हे, बोलणं झालं.

संध्याकाळी

चष्म्याच्या डबीत मिठाची पुडी ठेवली. खायला नाही. जवळ असावी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बीपी १२० वर ८०.

गोळी डोकं दुखलं की घेते. न दुखणाऱ्या डोक्याला गोळी घालायची म्हणजे कोरड्या लादीवर फडकं मारायचं.

कार्डावर एका महिन्याचे एकतीस चौकोन आहेत. रोज एक चौकोन भरण्यासाठी रोज चष्मा शोधा, पेन शोधा. त्यापेक्षा आज बसून अख्खा सप्टेंबर भरून टाकला. सगळीकडे एकच आकडा आला तर संशय येतो, म्हणून मध्ये मध्ये ११८ घातले. दोन ठिकाणी १२४. मी काही दूधखुळी नाही. एकतीसच्या एकतीस चौकोन भरले. अक्षर छान आलंय.

चालणं उद्यापासून. आज चपला धुतल्यात.

२० सप्टेंबर, शनिवार

बीपी १२० वर ८०.

चालायला गेले, पहिल्या खांबापर्यंत. डावा गुडघा म्हणाला बस. औषधवाल्याकडून नेहमीची लाल गोळी आणली, सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरने विचारलं होतं, आजी, दुसरं काही औषध चालू आहे का? मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं. गोळी गुडघ्याची. किडनी पाठीत असते. दोघींचा संबंध काय?

८ ऑक्टोबर, बुधवार

बीपी १२० वर ८०, आजचा प्रकार धरूनही.

लघवीची नवीन तपासणी. चोवीस तासांची सगळी, पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची. काल सकाळपासून साठवली. आज सकाळी बघते तर कॅनच्या तळाशी चार बोटं. लाज वाटली. परक्या ठिकाणी वस्तू द्यायची तर ती अशी? नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरून टाकला.

बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाप्याने विचारलं, तेल का आजी? म्हटलं, घरचंच आहे. म्हणाला, हल्ली असं शुद्ध मिळत नाही. मी म्हटलं, नाहीच मिळत.

लॅबवाल्याने दोन्ही हातांनी उचलून घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिला. आदराने, असं मला वाटतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

टोकन ३६. खुर्ची तीच, जाडा तोच. आता आम्ही एकमेकांना मान हलवतो.

आत नर्सने बीपी घेतलं, १७८ वर १००. डॉक्टरने कार्ड बघितलं, मग मशीन बघितलं, मग परत कार्ड. म्हणाला, काही लोकांचं बीपी डॉक्टर समोर आला की चढतं. मी म्हटलं, माझं चढतंच. त्यात खोटं काही नाही.

लघवीची तपासणी बाद. म्हणाला, आजी, इतकी घोड्यालाही होत नाही. परत करायची. ह्यांना कमीही चालत नाही, जास्तही चालत नाही.

रक्ताचा रिपोर्ट चौतीस. एका मार्काने हुकलं. मी सांगितलं, एका मार्कासाठी कोणी अडवत नाही, ग्रेस देतात. डॉक्टर हसला. सूनबाई हसली नाही. बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, आई, तुम्ही घरी खरंच मोजता ना? मला खूप लागलं. असं विचारतात का सासूला? म्हटलं, तुझ्या पोरांसारखी कॉपी करते असं वाटतं का तुला?

१९ ऑक्टोबर, रविवार

बीपी १२० वर ८०.

शिंपीणबाईकडे गेले. मशीनवर जाऊन आठ महिने झाले. आधी तोंडाला खीळ नव्हती तिच्या, आता मोजून बोलते आणि पाणीसुद्धा मापाच्या पेल्यातून पिते. डावी बाही वर करून म्हणाली, हात लाव. मनगटाच्या वर, मशीनच्या सुया घालतात तिथे, शीर फुगलेली, दोरखंडासारखी. बोट ठेवलं तर आत घुरघुर. शिलाई मशीनवर पाय ठेवला की टेबल कसं थरथरतं, तसं. म्हणाली, अगं, जन्मभर मशीन चालवलं, आता मशीन मला चालवतं. हसली. मीही हसले. हात मात्र मी जरा लवकरच काढून घेतला.

तिला विचारलं, एवढं झालं कशाने? म्हणाली, बीपी अंगावर काढलं, आणि पाठ दुखायची म्हणून वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. मग विचारते, तू नाही ना खात?

तिची गोळी पिवळी होती. माझी लाल. खात्री करून घेतली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

बीपी १२० वर ८०.

चपला आकसल्या. दोन्ही. धुतल्याने झालं असणार. पट्ट्याचा वळ पायावर तासभर राहतो. बोटाने दाबलं की खड्डा पडतो, कणीक मळल्यावर पडतो तसा. चपलेवाल्याला जाऊन चांगलं सुनावलं. तो म्हणाला, आजी, चप्पल तीच आहे, पाय दाखवा. उर्मट.

नोव्हेंबरचं कार्ड भरून ठेवलं. एकतीस चौकोन. हाताला सवय झाली आहे, पंधरा मिनिटांत होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बीपी १२० वर ८०.

आज दवाखान्याची तारीख. सूनबाईच्या शाळेत परीक्षा, म्हणून मी एकटी निघाले. बसस्टॉपवर गेले. बस आली. बसायला जागा होती. तरी चढले नाही. उगाच. समोरच्या बाकावर बसून अर्धी पुडी खारे दाणे खाल्ले आणि तीन बसगाड्या जाताना बघितल्या. मग घरी येऊन सांगितलं, डॉक्टर आलाच नव्हता.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. आजी का आल्या नाहीत म्हणून. नेमका सूनबाईने घेतला. डॉक्टरांनी काय करावं आणि काय नाही, याला काही धरबंध राहिलेला नाही.

सूनबाई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, उत्तरं तयार होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सूनबाईने शाळेत रजा टाकली. टोकन १९. बसल्या बसल्या म्हणाली, आई, कार्ड बघू. मी आधीच्या कार्डांसकट दिलं. वीस वर्षं पेपर तपासलेली बाई. आधी शाई बघितली. मग अक्षर बघितलं. मग बोट एका चौकोनावर थांबलं. म्हणाली, आई, आज तेरा तारीख आहे. तुमचं बीपी तीस नोव्हेंबरपर्यंत मोजून झालंय.

मी म्हटलं, वेळेआधी अभ्यास केला.

म्हणाली, आणि एकतीस नोव्हेंबरला ११८ वर ८०. सप्टेंबरच्या कार्डावरही एकतीस तारीख आहे. ह्या तारखा तुम्हाला कुठल्या कॅलेंडरात सापडल्या?

चौकोन होता, म्हणून भरला. चौकोन छापणाऱ्याला विचारा की! पण तोपर्यंत जाड्याने मान वळवून ऐकायला सुरुवात केली होती, म्हणून मी आवरलं.

आत गेल्यावर तिने माझी पिशवी डॉक्टरच्या टेबलावर उपडी केली. शहाण्या घरात असं करत नाहीत. लाल गोळ्यांच्या दोन पट्ट्या. बीपीच्या गोळ्यांची पट्टी, सप्टेंबरमधली, जवळजवळ भरलेली. चष्म्याची डबी उघडली, चष्मा नाही, मीठ. डॉक्टरने लाल पट्टी उचलली आणि पहिल्यांदाच आजी न म्हणता बोलला. हीच, म्हणाला. ही गोळी किडनी खाते. किती दिवस घेताय? मी म्हटलं, गुडघा दुखतो तेवढे दिवस. गुडघा किती दिवस दुखतो? म्हटलं, सहा वर्षं.

रिपोर्ट एकोणतीस.

एकोणतीसला ग्रेस देत नाहीत, एवढं मलाही कळतं. डॉक्टर म्हणाला, चौथी स्टेज.

म्हणजे बघा. नापास केलं आणि वरच्या वर्गात घातलं. अशी शाळा मी जन्मात बघितली नव्हती.

मी विचारलं, मग आता मशीन? आवाज माझाच होता, पण शिंपीणबाईसारखा मोजूनमापून निघाला. तो म्हणाला, आज नाही. लाल गोळी आजपासून बंद, गुडघ्याला दुसरा उपाय देतो. बीपीची गोळी रोज, मोजणं खरं. तसं केलंत तर चौथीतच बरीच वर्षं काढता येतील. पाचवीत जायची घाई करायची नाही. इथेच बसून राहायचं.

बापाने ओढून बाहेर काढलं होतं. हा म्हणतो बसून राहा. मी बरं म्हणाले. तिसऱ्यांदा.

१६ नोव्हेंबर, रविवार

मशीन खोक्यातून काढलं. धूळ होतीच. खोक्यात राहूनही बसते, हे आज कळलं.

सूनबाईने पट्टा बांधला. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. पाच मिनिटं! मी सुनेसमोर! मुलगा दारातून बघून गेला, मग परत येऊन बघून गेला. चौथीत आले ती नेमकी हिच्याच वर्गात. म्हणाली, आई, हलू नका. वर्गात बोलते तोच आवाज.

बीपी १६८ वर ९६.

तिने नवीन कार्ड पुढे केलं. म्हणाली, तुम्हीच लिहा. चष्मा घातला, डबीत आता तोच असतो. लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

तिने लाल पेन काढलं आणि आकड्यापुढे बरोबरची खूण केली. एकशे अडुसष्टला! ह्या बाईच्या हाताखाली पोरं पास कशी होतात, मला तरी कळत नाही.