सेनापती, घुबड आणि मोठे दादा

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे. भावना मात्र पूर्ण लांबीची आहे.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? कानातलं नवं यंत्र छान लागू पडलं असं जाऊबाईंकडून कळलं, फार बरं वाटलं. आमच्या घरून फोन आला की तुम्ही ते यंत्र काढून ठेवता हेही त्यांच्याकडूनच कळलं, म्हणून हे पत्र. (त्यांच्यावर रागावू नका. त्या साखर तपासायला आमच्या लॅबमध्ये येतात, मी दंडाला पट्टा बांधते, आणि त्या अवस्थेत माणूस खरंच बोलतो.) इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. काळजी करण्यासारखं काही नाही.

आधीच सांगून टाकते की हे पत्र मालिकेबद्दल आहे. लगेच घडी घालू नका. तुम्ही ती मालिका पुन्हा बघणार नाही अशी शपथ घेतली आहे, तिच्याबद्दल वाचणार नाही अशी घेतलेली नाही. जन्मभर कोर्टात काढलेल्या माणसाला हा फरक मी काय समजावणार? शिवाय जाऊबाई म्हणतात की शपथ तुम्ही फार कडक पाळता. मालिका सुरू झाली की उठून गॅलरीत जाता आणि टीव्हीकडे पाठ करून बसता. (यंत्र मात्र तेव्हा कानात असतं. आवाज त्या मुद्दाम मोठा ठेवतात.) मग सकाळी दाढी करता करता सहज विचारता, काल ते एवढं कोण विव्हळत होतं? त्याही सहज सांगतात, तळ्यातला राक्षस. तुम्ही 'हं' म्हणता आणि गालाला साबण लावता. असा सुखाचा संसार चालला आहे तो चालू द्या, पण ऐकीव माहितीत चुका राहतात, आणि या वेळी फार मोठी चूक राहिली आहे.

त्या शुक्रवारचं भांडण मला तेव्हा धड कळलंच नव्हतं. तुम्ही दोघं भाऊ सोफ्यावर आणि मी मागे इस्त्रीच्या टेबलाशी, अशी आपली बैठक ठरलेली होती. मला त्या मालिकेतलं समजायचं ते एवढंच, की तळ्यात एक किल्ला आहे, तिथल्या राणीने आपली सावली एका चेटकिणीकडे गहाण ठेवली आहे, आणि राज्यात कुणाचीच आंघोळ झालेली नाही. मग तो भाग आला. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला, शत्रू घुसला, आणि दरवाज्याशी सेनापती उभा! तुम्ही ओरडलात, "घरभेदी!" हे म्हणाले, "थांब की दादा, काहीतरी कारण असेल. तो अडसर एकट्या माणसाला उचलवतच नाही. मी कुलपांच्या धंद्यातला आहे, मला विचार." तुम्ही म्हणालात, "कुलपांच्या धंद्यात आहेस, म्हणूनच तुला चोरांचा पुळका." आणि हे म्हणून गेले, "तू कोर्टात साधा कारकून होतास, आणि निकाल मात्र न्यायाधीशासारखे देतोस." तो 'साधा' ह्यांच्या तोंडून निसटला तेव्हा माझ्या इस्त्रीखाली ह्यांचाच शर्ट होता. तो जळला. तुम्ही उठलात, चपला घातल्यात, 'पुन्हा या घरात नाही आणि पुन्हा ही मालिका नाही' म्हणालात आणि गेलात. शत्रू आपला अजून आत शिरतच होता. ह्यांनी टीव्हीसुद्धा बंद केला नाही.

पुढच्या शुक्रवारी मला बढती मिळाली. ह्यांना ती मालिका एकट्याने बघता येत नाही. (बघतात डोळ्यांनी, पण तोंडाला काम लागतं.) मला इस्त्रीवरून उठवून सोफ्यावर बसवलं. तुमच्या जागेवर नाही हं. तिथे बसायला गेले तर म्हणाले, "इकडे बस ना, तिकडून टीव्ही चमकतो." तेव्हापासून मी मधोमध बसते, हे कडेला, आणि तुमची बाजू चमकत असते.

सुरुवातीला मी फार प्रश्न विचारत होते असं ह्यांचं म्हणणं. मी विचारलं, एवढे झगे धुतं कोण? एवढ्या मोठ्या किल्ल्यात स्वयंपाकघर एकदाही का दिसत नाही? राणीला सावलीच नको होती तर सावलीतच बसायचं, कुणाला कळलं असतं? हे नुसते उसासे टाकायचे. मग तिसऱ्या का चौथ्या भागात चेटकिणीने राजपुत्राचं रक्त घेतलं. दादा, तिने ते तळहातातून घेतलं! खंजिराने! मी ताडकन उठून ओरडले, "अहो बाई, दंडाला पट्टा बांधा आधी!" एवढी वर्षं मी हेच काम करते, पण हात न पुसता, कापूस न लावता, एका वाडग्यात रक्त धरलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ते वाडगंही घुसळलेल्या ताकाचं असावं. तो मुलगा पुढच्याच दृश्यात घोड्यावर बसून दौडत गेला. मला रात्रभर त्याच्या हाताची काळजी. आणि त्या काळजीतच मी अडकले, आता मला ती मालिका ह्यांच्यापेक्षा जास्त लागते.

मग घुबडाचा भाग. (जाऊबाईंनी तुम्हाला सांगितलं का? सांगितलं नसेल तर इथे जरा थांबून पाणी प्या.) ते राजवाड्याएवढं म्हातारं घुबड, जे लहानपणापासून सेनापतीला पाठीवर घेऊन उडायचं, ते गेलं. लढाईत नाही, बाण लागून नाही. थकून एका बुरुजावर बसलं, पंख आवरून घेतले आणि पुन्हा उघडलेच नाहीत. मी रुमाल शोधत होते, तर हे म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलं." दोन्ही डोळ्यांत एकदम काय जातं, हे मी विचारलं नाही. मग टीव्हीकडे बघत म्हणाले, "दादाने आता काहीतरी वेडंवाकडं बोलून हसवलं असतं."

या घुबडापायी माझी नोकरी जाता जाता वाचली. झालं असं, की सोमवारी सकाळी लॅबमध्ये एक वाहतूक पोलीस आला. चौकात ट्रक थांबवणारा धिप्पाड माणूस, पण सुई बघून भिंतीला चिकटला. अशांना बोलण्यात गुंतवावं लागतं. मी म्हटलं, तुम्ही ती तळ्यातल्या किल्ल्याची मालिका बघता का? त्याचा शुक्रवारचा भाग बंदोबस्तामुळे हुकला होता. मी घुबड बुरुजावर बसवलं, पंख आवरायला लावले, आणि तेवढ्यात रक्त काढूनही झालं. त्याला पत्ताच नाही. उलट हलायलाच तयार नाही, "पुढे काय, पुढे काय" म्हणून खुर्ची अडवून बसला. मी सांगितलं, गेलं हो. तर मागे रांगेत एक बाई, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या, त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. त्यांनीही तो भाग बघायचा ठेवला होता. त्यांनी रडत रडत रीतसर तक्रार नोंदवली. तक्रारीत लिहिलं की रक्त छान काढतात, सुई कळतसुद्धा नाही, पण घुबड मेल्याचं पेशंटला न विचारता सांगतात. आमचे डॉक्टर (जे पाच वाक्यं बोलले तर आम्ही त्यांचा ताप बघतो) मला आत बोलावून म्हणाले, "कामाच्या जागी मालिकांच्या गप्पा बंद." मी मान खाली घालून निघाले, तर दाराशी पोचल्यावर मागून बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे सेनापती आता उडणार कशावर?"

आणि मग गेल्या शुक्रवारचा भाग, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. त्या दिवशी सेनापतीचा खटला होता. भर दरबारात राणी विचारते, "दरवाजा का उघडलास?" सेनापती मान वर करतो, तोंड उघडतो, आणि आमची वीज जाते! आख्ख्या इमारतीतून एकच आरोळी उठली. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे बॅटरीवर टीव्ही चालतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे जिन्यात धावपळ सुरू झाली. हे सगळ्यांच्या पुढे. एका हातात टॉर्च, पायात माझ्या चपला. दंतवैद्यांच्या दाराच्या जरा अलीकडे हे एकदम पायरीवर बसले. म्हणाले, "दम लागला जरा. तू जा, बघून ये, मला सांग." मी नाही गेले. मीही शेजारी बसले. लोक आमच्या अंगावरून उड्या मारून वर जात होते. त्या दिवसाचा खटला आम्ही दोघांनी जिन्यात बसून, बंद दाराआडून आलेल्या 'अरे बापरे' आणि 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' एवढ्यावर ऐकला.

भाग संपल्यावर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. दंतवैद्य म्हणाले, शत्रूने त्याच्या आईला धरून ठेवलं होतं. त्यांच्या आई म्हणाल्या, छे, त्याला झोपेत चालायची सवय आहे. तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले की आपण फक्त कपडे बघतो. हे रात्री जेवले नाहीत. शेवटी रविवारी दुपारी तो भाग पुन्हा दाखवला, आणि आम्ही टीव्हीला खेटून बसलो.

दादा, आता नीट वाचा. दरवाजा सेनापतीने उघडलाच नव्हता. त्याचं रूप घेऊन चेटकीण आली होती. सेनापती त्या वेळी तिथे नव्हताच, तो तळ्यापलीकडे आजारी घुबडाला पाणी पाजत बसला होता. म्हणजे तो घरभेदीही नव्हता, आणि त्याचं काही कारणही नव्हतं. आणि अडसराचं म्हणाल, तर चेटकिणीने तो नुसता फुंकरीने उडवला, कुलपांच्या धंद्याचा तिथे काही संबंधच आला नाही. तुम्ही दोघं ज्याच्यावरून भांडलात तो माणूस त्या प्रसंगात हजरच नव्हता. हे मग म्हणाले, "दादाला हे कुणीतरी सांगायला हवं." मी म्हटलं, तुम्ही सांगा. तर उठून दुकानात गेले. रविवारी! बंद दुकानात बसून काय केलं कुणास ठाऊक, येताना हात तेलाने माखलेले होते.

म्हणून मी सांगितलं. या शुक्रवारी मालिकेला सुट्टी आहे, पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग आहे. तुमची जागा तशीच आहे, आणि ती मुळीच चमकत नाही, मी एकदा हे घरात नसताना बसून पाहिलं.

जाऊबाईंना नमस्कार सांगा, आणि साखर पुन्हा तपासायची वेळ झाली आहे, हेही. तुमची तब्येत सांभाळा.

तुमची,
धाकटी

ता. क. वर 'आम्ही दोघंही खुशाल' असं लिहिलं, ते पत्राची सुरुवात तशीच करायची असते म्हणून. जिन्यातला दम उतरला नाही, तेव्हा सोमवारी ह्यांना दाखवलं. हृदयाकडच्या नळ्या तुंबल्या आहेत. पुढच्या बुधवारी सकाळी मोठं ऑपरेशन आहे, त्यामुळे शेवटचा भाग दवाखान्यातच बघावा लागेल, बघता आला तर. ऑपरेशनआधी रक्त तपासायचं होतं. एवढ्या लोकांना सुया टोचते मी, पण ह्यांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर दोरीसारखी वर आली होती, आणि मला काही सापडेना. शेवटी लॅबमधल्या दुसऱ्या बाईंनी काढलं. दादा, हे आत असताना मला बाहेर एकटीला बसवणार नाही. तुम्ही ह्यांच्याशी बोललं पाहिजे असं नाही. माझ्याशीही नका बोलू. नुसते येऊन बसा.

ता. क. दुसरा. ह्यांनी तुम्हाला काही कळवू नको असं बजावलं आहे. म्हणून हे पत्र टपालात टाकायला त्यांच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवायला विसरले आहे.

*दादा, पाकीट उघडंच होतं, वाचलं. हिने पत्त्यात तुझा मजला चुकवला होता, तो दुरुस्त केला आहे. बुधवारी मला उपाशी ठेवणार आहेत, तू मात्र खाऊन ये, तिथे काही धड मिळत नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तीन बाक आहेत. त्यातला खिडकीजवळचा धर. आत नेताना तिथे बसलेला माणूस दिसतो, मी जाऊन बघून आलो आहे.*