ऑगस्टातले चार दिवस

देऊळगाव राजा,
६ मे

प्रिय पुष्पांजली,

अनेक आशीर्वाद. निकालाची नक्कल काल हाती आली. आल्हादचे बाबा बुलढाण्याला जाऊन घेऊन आले. पिशवीतून आधी चिखलीला उतरून घेतलेले आंबे काढले, मग तो कागद. मी चष्मा लावून दोनदा वाचला. तुमची दोघांची नावं, खाली सही-शिक्का, आणि कुणाबद्दल एकही वाकडा शब्द नाही. खरं सांगते, मला हलकं वाटलं. अकरा वर्षांचा संसार संपल्याचा कागद वाचून सासूला हलकं वाटेल, असं दीड वर्षापूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला उंबऱ्याआत घेतलं नसतं.

मार्चच्या तारखेला तू तिकडून पडद्यावर दिसलीस, न्यायाधीशांनी विचारलं तेवढ्याची उत्तरं दिलीस, आल्हादने इथे उभं राहून दिली, आणि दहा मिनिटांत सगळं आटोपलं. त्यानंतर बाहेर लिंबाखाली काय झालं ते तुला ठाऊक नसेल. पहिल्या तारखेला तुझे वडील तुझं मुखत्यारपत्र घेऊन आले होते. या वेळी त्यांचं काही काम नव्हतं, तरी कारभारीभाऊ साखरखेर्ड्याहून पहिल्या गाडीने आले. आम्ही तिघं नुसतेच उभे. एकमेकांना हाक काय मारायची तेच कळेना, व्याही म्हणायची सोय राहिली नव्हती. मग त्यांनीच भाकरी-ठेच्याचं फडकं सोडलं आणि म्हणाले, "पोरायचं सुटलं म्हनून आपलं काऊन सोडायचं? बसा, जेवून घ्या." आल्हादचे बाबा घास हातात धरून रडले. बेचाळीस वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

तुम्ही दोघांनी गेल्या वर्षी जानेवारीत श्टुटगार्टहून एकत्र बसून फोन केलात, तो दिवस आठवतो. मला वाटलं, दुसऱ्या नातवंडाची बातमी आहे. तू म्हणालीस की भांडण काहीच नाही, पण बरोबर राहायचं कारणही आता फक्त गार्गीच उरलंय, आणि तेवढं ओझं त्या पोरीवर टाकायचं नाही. मी तेव्हा फोन ह्यांच्या हातात देऊन आत गेले. तुझं बोलणं मला पटलं नाही म्हणून नाही. पटलं, म्हणूनच राग आला.

लग्न इथलं, म्हणून घटस्फोट इथल्या कोर्टात. मुलगी तिथे वाढतेय, म्हणून तिचा निर्णय तिथल्या कोर्टात. आल्हाद गेल्या ऑगस्टात गार्गीला घेऊन आला तेव्हा त्याने मला हे समजावून सांगितलं. तू संमतीच्या कागदावर सही करून तिला पाठवलं होतंस. पहिली तारीख झाली, आणि त्या संध्याकाळी माझे दीर रंगराव घरी आले. म्हणाले, "सह्या झाल्या ते झालं. पोरगी इथंच ठेवा. एकदा शाळेत नाव पडलं का तिकडचं कोर्ट काय करनार?" मी त्यांना गप्प केलं. पण पुष्पा, ते बोलणं माझ्यातून गेलं नाही. गार्गी माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची. सकाळी माझ्याकडूनच वेणी घालून घ्यायची, तिचा बाप घालायला आला तर केस हातात धरून पळायची. मला एकच दिसायचं, की आता ही वर्षाला चार आठवडे, मग दोन, मग नुसती फोनवर.

परतीचं विमान दोन सप्टेंबरचं होतं. सत्तावीस ऑगस्टला आल्हाद आंघोळीला गेला असताना मी त्याच्या बॅगेतून गार्गीचा पासपोर्ट काढला आणि शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवला.

चार दिवस तो तिथे होता. आल्हादने घर उलथंपालथं केलं, ज्या गाडीने संभाजीनगरहून आले तिच्या ड्रायव्हरला दहा फोन केले, जेवण सोडलं. आणि मी त्याच्याबरोबर शोधत होते. गाद्या उचलून बघत होते. मला सगळ्यात जास्त लाज त्या गाद्यांची वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी मी गार्गीला फिरायला म्हणून घेऊन निघाले आणि माझ्या जुन्या शाळेत गेले. अन्नपूर्णाबाई आता तिथे मुख्याध्यापिका आहेत, माझ्या हाताखाली लागलेल्या. त्यांनी चहा मागवला, प्रवेशाच्या अर्जावर गार्गीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग पेन थांबवून म्हणाल्या, "मॅडम, हिच्या आईले माहीत हाये ना?"

मी हो म्हणणार होते. पण खिडकीतून शाळेचं फाटक दिसलं आणि मला मंजुळाबाई आठवल्या. मी मुख्याध्यापिका असताना, नवऱ्याने मूल ठेवून घेतलेली ती बाई दर गुरुवारी डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी यायची. बापाने लेखी दिलं होतं, भेटू देऊ नका. मी नियमावर बोट ठेवून तिला परत पाठवायचे. डबा तेवढा शिपायाकडून आत घ्यायचे, आणि तो आपला मोठेपणा समजायचे.

अर्ज अर्धाच सोडून गार्गीला घेऊन घरी आले, खण उघडला आणि पासपोर्ट आल्हादच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो उचलून खिशात घातला. मग म्हणाला, "आई, मी पुष्पाला शब्द देऊन आलोय." दोन तारखेला ते ठरल्या विमानाने गेले. निघताना त्याने एवढंच सांगितलं की तो तुला हे कधी सांगणार नाही, सांगायचं तर मीच सांगायचं.

मी सांगितलं नाही. हिवाळ्यात तिकडे तुमचा करार झाला: गार्गी तुझ्याजवळ, शुक्रवार ते रविवार बापाकडे, दुसऱ्याच्या सहीशिवाय कुणी तिला देशाबाहेर न्यायचं नाही, आणि ऑगस्टचे चार आठवडे आजी-आजोबांचे. आल्हाद म्हणाला, शेवटची ओळ तू हट्टाने घातलीस, तुझी वकीलबाई नको म्हणत असताना. तेव्हाही मी कबुली न देता तिकडच्या थंडीचं विचारलं.

गेल्या आठवड्यात तुझा निरोप आला. आल्हादला या ऑगस्टात एकच आठवडा सुट्टी आहे, तो गार्गीला सोडून परत येईल, उरलेले तीन आठवडे ती आमच्याकडे, आणि पासपोर्ट मी ठेवावा, कारण आल्हादपेक्षा मी नीट सांभाळीन. त्या निरोपाला मला 'बरं' असं उत्तर देता येईना, म्हणून हे पत्र. तिकिटं जूनमध्ये काढणार आहात, त्याआधी तुला कळायला हवं. तू तिला पाठवू नकोस म्हणालीस तर मी का विचारणार नाही. पाठवलीस तर पासपोर्ट कारभारीभाऊंकडे साखरखेर्ड्याला राहू दे. सकाळी ह्यांनाही सगळं सांगितलं, त्यांना आजवर माहीत नव्हतं. ते थोडा वेळ अंगणात जाऊन बसले, मग आत येऊन म्हणाले, पाकिटावर पत्ता मी घालतो. आता तू काहीही ठरव, पुष्पा. गार्गी येवो न येवो, तुझा फोन आला की मी तो ह्यांच्या हातात न देता स्वतः घेईन.

तुझीच,
शारदा